रक्त किती तास साक्ष देतं?

राखाडी टोपणाची छोटी नळी. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात रात्री दोन-अडीचला पोलीस एखाद्याला दंडाला धरून आणतात, तेव्हा कपाटातून ही नळी बाहेर निघते. तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असते, सोडियम फ्लोराइडची. रक्त नासू नये आणि नासताना त्यात नव्याने मद्यार्क तयार होऊ नये, म्हणून ती घातलेली असते. एरवी सुई टोचण्याआधी जो स्पिरिटचा बोळा फिरवतात, तो इथे चालत नाही. स्पिरिट हाही मद्यार्कच, आणि उद्या कोर्टात वकील विचारणार, नळीत सापडलेली दारू रक्तातली की बोळ्यातली? म्हणून जागा साबण-पाण्याने पुसायची. डॉक्टर छापील फॉर्म भरतात. तोंडाला वास येतो का, बोलणं अडखळतं का, चाल सरळ आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत. मग रक्त घ्यायचं, नळी सीलबंद करायची आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायची.

नळीत गेलेलं रक्त आहे तसं राहतं. अंगातलं राहत नाही. यकृत आपलं काम करत असतं, दर तासाला थोडी थोडी दारू रक्तातून काढून टाकत असतं. त्याला कायदा कळत नाही, मेलेला माणूस कळत नाही. काही तास गेले की रक्त स्वच्छ होतं आणि साक्षीदार संपतो.

दारू पिऊन गाडी चालवण्यावर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. मोठा अपघात झाला की आठवडाभर वाहिन्यांवर रान उठतं, मग पुढचा अपघात होईपर्यंत शांतता. या लेखासाठी निकालपत्रं, सरकारी अहवाल आणि जुनी कात्रणं चाळत गेलो तेव्हा एक गोष्ट मला प्रत्येक ठिकाणी भेटली, ती म्हणजे घड्याळ. नळी किती वाजता भरली, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

मुंबईच्या कार्टर रोडवर ती वेळेत भरली. 12 नोव्हेंबर 2006 ची पहाट, पावणेचार ते चारच्या दरम्यानची वेळ. वांद्र्यात त्या रस्त्याचं काम चालू होतं आणि कामावरच्या मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या तिथेच पदपथावर होत्या. दिवसभर रस्ता केलेली माणसं त्याच रस्त्याच्या कडेला झोपली होती. एक टोयोटा कोरोला पदपथावर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. गाडीत दारूची बाटली सापडली. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्ततपासणीचा अहवाल आला, 0.112 टक्के. म्हणजे 100 मिलिलीटर रक्तात 112 मिलिग्रॅम मद्यार्क. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची.

इतकं सगळं हाताशी असूनही सत्र न्यायालयाने एप्रिल 2007 मध्ये दिलेली शिक्षा होती सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. निष्काळजीपणाने मृत्यू आणि दुखापत, एवढीच कलमं लागली. त्यावर मुंबईत संताप उसळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कलम 304 भाग दोन खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधासाठी, तीन वर्षं सक्तमजुरी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2012 रोजी ती कायम केली. तीन वर्षं ही शिक्षा अपुरी असल्याचं न्यायालयाने नोंदवलं, पण राज्य सरकारने वाढीव शिक्षेसाठी अपीलच केलं नव्हतं. त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. सात मजुरांच्या बाजूने सरकारला एक अपील करता आलं नाही, हे मला त्या निकालातलं सगळ्यात जड वाक्य वाटतं. तरीही हा निकाल उभा राहिला, कारण 112 हा आकडा कागदावर होता.

आता हा आकडा बनतो कसा, ते जरा थांबून बघू. कारण पिणाऱ्या माणसाचा सगळा आत्मविश्वास चुकीच्या गणितावर उभा असतो.

आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्के मद्यार्काची असते. साठ मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्यार्क असतो. सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात तो पसरला की रक्तात चाळिशीच्या घरात आकडा जातो. म्हणजे एका लार्जमध्येच तीसची रेघ ओलांडलेली असते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तिथे तोच पेग आणखी वर जातो. पोटात जेवण असेल तर चढायला वेळ लागतो आणि आकडा थोडा खाली राहतो, इतकाच दिलासा. क्वार्टर, म्हणजे 180 मिली, एकट्याने संपवली तर आकडा सव्वाशेच्या आसपास पोचतो. कार्टर रोडच्या आकड्याच्याही पुढे. आणि क्वार्टर मारून ‘मला चढत नाही’ म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची असतात.

उतरण्याचं गणित आणखी फसवं आहे. सर्वसाधारण शरीर तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास दारू काढून टाकतं. कुणाचं दहा, कुणाचं वीस. लिंबू पिळा, ताक प्या, डोक्यावर गार पाणी ओता, कडक कॉफी घ्या, हा वेग बदलत नाही. फार तर माणूस जागा राहतो. रात्री बाराला क्वार्टर संपवलेला वडापवाला पहाटे सहाला पहिली खेप घेऊन निघतो, तेव्हा तो झोपून उठलेला असतो, दात घासलेले असतात, कपाळाला गंध लावलेलं असतं, आणि रक्तात अजून पस्तीस-चाळीस मिलिग्रॅम शिल्लक असतात. त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं. पाठीमागे बसलेल्या दहा-बारा जणांना तर नसतंच.

‘मला चढत नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. सवयीच्या माणसाचा तोल जात नाही, जीभ अडखळत नाही. पण दिसणं आणि ब्रेकवर पाय पडणं यांमधला वेळ वाढलेला असतो. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे आठ मीटर. एवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारी म्हातारी बाई असते, कडेला पंक्चर काढणारा असतो, झेब्रा क्रॉसिंगवरचं पोर असतं.

शहरात हे पकडायला नाकाबंदी असते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी 2007 पासून ही मोहीम नेटाने चालवली, पुढे पुणे, ठाणे, नागपूरला ती रुळली. शनिवारी रात्री साडेअकरानंतर कुठल्याही नाक्यावर उभं राहून पाहा. बॅरिकेड तिरके लावलेले, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. हवालदार आधी काच खाली घ्यायला लावतो, दोन वाक्यं बोलतो आणि वास घेतो. मग यंत्र. मुठीत मावेल एवढं, त्याला दर माणसाला नवी प्लॅस्टिकची नळी. आत प्लॅटिनमच्या पट्टीवर श्वासातला मद्यार्क जळतो आणि त्यातून जी सूक्ष्म वीज तयार होते ती यंत्र मोजतं. ‘जोरात फुंका. अजून. थांबू नका.’ कुणी ओठ लावून नुसते गाल फुगवतं, कुणी आत ओढतं. आणि सगळ्या महाराष्ट्रात एकच उत्तर ऐकू येतं, ‘दोनच घेतलेत साहेब.’ पडद्यावर आकडा उमटतो तेव्हा बहुतेकांचा चेहरा खरोखर चकित झालेला असतो.

पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत. 2019 च्या दुरुस्तीआधी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता. कायद्यात एक तरतूद अशी आहे की कलम 185 खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. हे दोन तास नागरिकाच्या संरक्षणासाठी आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण तालुक्याच्या रस्त्यावर मध्यरात्री एक हवालदार, एक मोटारसायकल आणि तीस किलोमीटरवरचा ग्रामीण रुग्णालयातला एकच डॉक्टर, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. घड्याळ कुणाच्या बाजूने आहे ते कळेल.

ज्याला हे कळतं तो पळतो. 7 जुलै 2024 च्या पहाटे वरळीच्या कोळीवाड्यातलं एक जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून घरी येत होतं. मागून बीएमडब्ल्यूने धडक दिली. नवरा बाजूला फेकला गेला, बायको गाडीबरोबर फरफटत गेली आणि मरण पावली. आरोपी सापडला 9 जुलैला, अडीच दिवसांनी. त्याने आदल्या रात्री मद्य घेतलं होतं असा पोलिसांचा आरोप आहे, खटल्यात काय ठरायचं ते ठरेल. पण वरचं गणित लावून पाहा. एखाद्याच्या रक्तात अडीचशे मिलिग्रॅम असते तरी सतरा-अठरा तासांत त्यातलं काही उरलं नसतं. अडीच दिवसांनी कुणाचंही रक्त निर्दोष असतं.

या घटनेच्या सहाच दिवस आधी, 1 जुलैला, भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातात माणूस मेल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जानेवारीत ट्रकचालकांनी देशभर संप केला आणि तेवढं पोटकलम बाजूला ठेवून बाकीची संहिता लागू झाली. ट्रकचालकांची भीती मला खोटी वाटत नाही. थांबलं तर जमाव ठेचून मारतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पण मग फोन करून, जवळच्या चौकीत जाऊन हजर होण्याची खात्रीची वाट आखून द्यायला हवी होती. ती आखली गेली नाही, आणि ज्यांना जमावाची भीती नाही, घरी वकील आहे, तेही त्याच आडोशाला उभे राहिले.

पळणं जमलं नाही तर नळीच बदलायची, हे पुण्याने दाखवलं. 19 मे 2024 च्या मध्यरात्रीनंतर कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण संगणक अभियंत्यांना उडवलं. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 पूर्ण असावं लागतं, आणि हा मुलगा सतराचा. त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर काही तासांत जामीन मिळाला, त्यावर देशभर संताप झाला. मला त्या निबंधापेक्षा दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार रुग्णालयात त्या मुलाचा रक्ताचा नमुना टाकून दिला गेला आणि त्याच्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळेना, तेव्हा हे उघड झालं. डॉक्टरांना अटक झाली. लेखाच्या सुरुवातीला त्या नळीचं सगळं शास्त्र सांगितलं. साबण-पाणी, भुकटी, सील. एवढी काळजी ज्या हातांनी घ्यायची तेच हात विकले गेले असतील, तर न्यायाला उभं राहायला जमीन कुठली?

गोव्यात बाणस्तारीच्या पुलावर 6 ऑगस्ट 2023 रोजी मर्सिडीजच्या धडकेत तिघे गेले, तिथे तर गाडी कोण चालवत होतं यावरूनच वाद पेटला.

ही झाली गाजलेली प्रकरणं, महागड्या गाड्यांची. पण या गाड्यांमुळे एक गैरसमज पसरतो, की दारू पिऊन माणसं मारणं हा श्रीमंतांच्या पोरांचा उद्योग आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, महाराष्ट्रात 15,224. देशभरातल्या या मृतांपैकी साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. आणि दारू किंवा अमली पदार्थांमुळे किती मेले? अहवाल म्हणतो 4,201. अडीच टक्के. अतिवेगाच्या खात्यात मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त.

अडीच टक्के हा आकडा मला मान्य नाही. तो खोटा लिहिला आहे असं मी म्हणत नाही. जेवढं मोजलं तेवढं लिहिलं. अपघाताच्या नोंदीत कारण एकच लिहायचं असतं, आणि वेग हे कारण लिहायला रक्त काढावं लागत नाही. तो वेग कुणाच्या पोटात काय गेल्यामुळे वाढला होता, हे विचारायला कुणी बांधील नाही. आणि चालक स्वतःच मेला असेल तर विषयच संपला.

हे मला माझ्या गावाने शिकवलं. ऊसतोडीचा हंगाम होता. तालुक्याच्या गावी आम्ही सहा जण बसलो होतो, शाळेपासूनचे. ‘बसलो होतो’ म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगायला नको. साडेदहाला एक जण उठला. घर नऊ किलोमीटरवर. ‘रोजचा रस्ता आहे, गाडीला पाठ आहे,’ म्हणाला. आम्ही पाचही जण बाहेर आलो, कुणीतरी त्याचा मफलर नीट बांधला, आणि मी म्हणालो, ‘जपून जा रे.’ सात किलोमीटरवर उसाची ट्रॉली उभी होती. टायर बसलेला, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या. तो तिच्यात घुसला.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, उभ्या ट्रॉलीला मागून धडक. ते खरंच होतं. ट्रॉलीवाल्यावर गुन्हा दाखल झाला, तोही रास्त होता. रक्त कुणी घेतलं नाही. आणि आम्ही पाच जणांनी ते घ्या असं म्हटलं नाही. त्याचं एक कारण आज लाजेने सांगतो, आम्हाला आमची नावं यात नको होती. दुसरं कारण वेगळं आहे. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. अमली पदार्थाच्या अंमलाखाली अपघात झाला असेल तर मिळत नाहीत. खासगी अपघात विम्यातही हीच अट असते. त्याची बायको तिशीची, दोन मुली. अशा घराच्या दारात उभं राहून कुठला पोलीस पाटील, कुठला डॉक्टर, कुठला मित्र म्हणेल की याने घेतली होती?

म्हणजे गरिबाच्या घरी चुलीसाठी रक्त लपवलं जातं आणि श्रीमंताच्या घरी तुरुंग चुकवण्यासाठी. अहवालात दोन्हींचा परिणाम एकच. ही अट काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दारू नवऱ्याने प्यायली होती, त्या बाईने नाही. तिचे दोन लाख सुरक्षित करा, आणि मग रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूत चालकाचं, जिवंत असो की मेलेला, रक्त तपासणं सक्तीचं करा. खरा आकडा एकदा समोर आला की निदान नाकाबंदी कुठे लावायची हे तरी कळेल. आज ती शहरातल्या उड्डाणपुलाखाली असते आणि माणसं मरतात साखर कारखान्याच्या रस्त्यावर.

त्या रस्त्यांवर दर दोन-तीन किलोमीटरला पाटी दिसते, बिअर बार, परमिट रूम, फॅमिली रूम, आणि खाली ठळक अक्षरांत ‘भरपूर पार्किंग’. तिथे कुणी चालत येत नाही, रिक्षा मिळत नाही, शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिण्यासाठी परवाना लागतो, त्यावरूनच तर परमिट रूम हा शब्द आला. पिण्याचा परवाना आणि गाडी चालवण्याचा परवाना एकाच खिशात घेऊन माणूस आत जातो, आणि तो बाहेर येताना बघायला कुणी नसतं.

हे ओळखून चंदीगडचे हरमन सिद्धू कोर्टात गेले होते. 1996 च्या मोटार अपघातापासून ते चाकाच्या खुर्चीवर आहेत. त्यांच्यासारख्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. पुढे काय झालं ते आपण पाहिलं. छोट्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आलं, मग नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या. मधल्या काळात अनेक राज्यांनी रस्त्यांची नावंच बदलली. महामार्गाचा शहरातला तुकडा कागदावर महामार्ग राहिला नाही की बार उघडा. महाराष्ट्रही त्यात मागे नव्हता. महसूल बुडतो, रोजगार जातो, ही तक्रार खरी होती. पण बारमालकाला त्याच्या पार्किंगमधून रात्री अकरानंतर सुटणाऱ्या गाड्यांबद्दल एक प्रश्न विचारण्याचीही तजवीज आपण केली नाही. परवाना देतानाच गिऱ्हाइकाला घरी सोडणाऱ्या गाडीची अट घालणं सरकारला अवघड नाही.

सरकार करील तेव्हा करील. दिवाळीचे दिवस येतील, पुढे लग्नसराई, हळदीच्या रात्री, मग थर्टी फर्स्ट. तुमच्या घरी, शेतावर, गच्चीवर कुणी बसणार असेल, तर एक विनंती आहे. गाड्यांच्या चाव्या पहिला ग्लास भरण्याआधी मागून घ्या. नंतर मागितल्या तर कुणी देत नाही, उलट भांडणं होतात, हे मी पाहिलं आहे. आधी मागितल्या तर हसत देतात. किती जण राहणार ते धरून गाद्या-गोधड्या काढून ठेवा, आणि त्यांच्या घरी तुम्हीच फोन करून सांगा की हा आज मुक्कामाला आहे. माझ्याकडे फराळाचा एक रिकामा डबा आहे, चाव्या त्यात पडतात आणि डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर जातो. सकाळी पोहे होतात, चहा होतो, लोक घाई करतात. दहा वाजल्याशिवाय मी तो डबा खाली काढत नाही.